गोचिडाचे गाव

पुण्याहून जालन्याला निघताना घरी सांगितले की व्याख्यान द्यायला चाललो आहे. ते खरे होते. जालन्याजवळच्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संशोधन-प्रशिक्षण होते. प्राण्यांतून माणसात येणाऱ्या घातक विषाणूंची जनुकीय माहिती संगणकावर कशी वाचायची, याचे. माझी जुनी विद्यार्थिनी विद्या ते चालवत होती आणि तिने मला पहिल्या दिवशी बोलायला बोलावले होते. पण नुसत्या व्याख्यानासाठी या वयात, गुडघ्याला पट्टा बांधून, मी एसटीत बसलो नसतो. मला एका नोंदीतून एका गावाचे नाव काढायचे होते. ते मीच तिथे घातले होते, आणि चुकीचे घातले होते.

ती हकिगत आधीच सांगतो, म्हणजे पुढचा प्रवास वाचताना कोणी चाचपडणार नाही. मी पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे. बऱ्याच वर्षांपूर्वी शेजारच्या राज्यात काँगो तापाचे रुग्ण सापडले तेव्हा आमचे पथक जालना जिल्ह्यात गोचीड गोळा करत फिरले. हा ताप गोचिडातून येतो. मेंढ्यांना त्याचे काही होत नाही. माणूस मात्र रक्तस्रावाने दगावू शकतो. आम्ही रस्त्यात भेटेल त्या कळपापाशी जीप थांबवायचो, गोचीड काढून कुप्यांत भरायचो आणि कुपीवर गावाचे नाव लिहायचो. नकाशा पुढे पुण्यात, कुप्यांवरच्या नावांवरून झाला. एका मेंढपाळाला मी विचारले, "गाव कोणतं?" तो म्हणाला, "हिवरखोरी." मी हिवरखोरी लिहिले. त्याच कुपीत विषाणू सापडला.

हिवरखोरी त्याचे गाव होते, पण कळप तिथे नव्हता. दिवाळीनंतर तो गाव सोडून चरत चरत दूर गेला होता. मला हवे होते गोचिडाचे ठिकाण; त्याने सांगितले स्वतःचे मूळ. आपल्या भाषेत दोन्हींना गावच म्हणतात. पुढच्या वर्षी तोच माणूस, म्हाळबा, मला एका बाजारात भेटला आणि सहज म्हणाला, "सायेब, तवा आम्ही गावात कुठं होतो? तिकडं गंगेच्या अंगाला गेल्तो." (गोदावरीला तिकडे गंगा म्हणतात.) तोवर आमचा लेख छापून आला होता, कौतुक झाले होते, वर्तमानपत्रांत गावाचे नाव आले होते, आणि प्रयोगशाळेत त्या विषाणूला सगळे 'हिवरखोरी' म्हणू लागले होते. मी म्हाळबाला चहा पाजला आणि गप्प बसलो. पुढे निवृत्त झालो, तरी गप्पच होतो.

छत्रपती संभाजीनगर मागे पडले आणि दोन्ही बाजूंना शेते मोकळी झाली. तूर काढून झाली होती, ज्वारी कणसाला आली होती, हरभरा घाटे धरत होता. जालना जवळ आल्याचे आधी ट्रकांवरून कळते; लोखंडी सळया मागे लोंबत असतात आणि त्यांच्या टोकाला लाल चिंधी फडफडत असते. मग रोलिंग मिलचा धूर दिसतो. स्थानकाबाहेर एका रिक्षावाल्याने माझी पिशवी मी काही बोलण्याआधीच उचलली.

"कॉलेजला ना बाबा? बसा, जल्दी सोडतो. दोन दिवस झालं, सगळ्या सवाऱ्या तिकडंच चालल्यात. तिथं म्हणं विषाणू आणून ठेवलेत."

"ठेवलेले नाहीत. त्यांची फक्त अक्षरं आहेत. संगणकात."

"अक्षरं?" त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले. "मंग बरं हाय. अक्षरं काय चावत न्हाईत."

मी पिशवी मांडीवर घेतली.

महाविद्यालयाच्या खानावळीत रात्री येसराची आमटी मिळाली. (येसर म्हणजे भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाला एकत्र दळून केलेले पीठ, ते पाण्यात कालवून उकळले की आमटी होते.) बरोबर ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा. वाढणाऱ्या बाईंनी मला दोनदा विचारले की तिखट जास्त तर नाही ना, आणि मी नाही म्हटल्यावर डोळ्यांतले पाणी पाहून आपण होऊन ताक आणून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे उद्घाटनाचे व्याख्यान झाले आणि वर्ग भरला. बहुतेक मुले मराठवाड्यातली होती, कोणी जीवशास्त्र शिकलेली, कोणी संगणकशास्त्र. विद्याने त्यांना फार सोप्या शब्दांत सुरुवात करून दिली. विषाणू म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला एक लांब मजकूर. त्याची नक्कल होताना चुका होतात. दोन विषाणूंत जितक्या चुका समान, तितके त्यांचे नाते जवळचे. संगणक अशा शेकडो मजकुरांची तुलना करून त्यांची वंशावळ मांडतो, आणि प्रत्येक विषाणू कुठे सापडला ते ठाऊक असले की वंशावळ नकाशावर पसरता येते. मग रोग कुठून कुठे चालला ते दिसते. मुले माना डोलवत होती. माझे लक्ष तिच्या एका वाक्यापाशी अडकले होते: ठिकाण ठाऊक असले की.

दुपारी नकाशा पडद्यावर आला. जालना जिल्ह्यावर दोन लाल ठिपके होते. एक उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी: हिवरखोरी. दुसरा दक्षिणेला, घनसावंगी तालुक्यात: बाभूळटाकळी. हा दुसरा माझ्या निवृत्तीनंतरचा, दुसऱ्या कोणत्या तरी पथकाने घेतलेल्या नमुन्यांचा. दोन्ही विषाणू वंशावळीत शेजारी शेजारी बसले होते, सख्ख्या भावांसारखे. मधल्या एवढ्या गावांत मात्र काहीच सापडले नव्हते.

"उडी मारली असेल," एक मुलगा म्हणाला. "जनावरांच्या बाजारातून."

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. ती ऋतुजा, तीर्थपुरीच्या शेतकऱ्याची मुलगी. घरची शेती भाऊ पाहतो, ही शिकायला बाहेर पडलेली. "मॅडम, हे गोचीड मेंढ्यांवरचे आहेत ना? बाभूळटाकळीत माझी मैत्रीण आहे. तिथं आता मेंढरंच नाहीत. पूर्वी होती. लोकांनी विकली, कोणी शेती करतं, कोणी मजुरीला जातं. आख्ख्या गावात मेंढरू औषधालासुद्धा सापडायचं नाही."

वर्ग हसला. विद्या हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले, जणू मला याचे उत्तर ठाऊक असावे. बाभूळटाकळीचे मला ठाऊक नव्हते. हिवरखोरीचे होते.

संध्याकाळी व्हरांड्यात मी तिला सगळे सांगितले. ती कठड्याला टेकून ऐकत होती. त्या काळी ती माझ्याकडे संशोधन करत होती. त्या विषाणूचा जनुकीय मजकूर, गावाच्या नावासकट, जनुकीय माहितीच्या जागतिक संग्रहात तिनेच, माझ्या सांगण्यावरून, तिच्या नावाने जमा केला होता. संग्रहाचा नियम असा की नोंद ज्याने टाकली त्यालाच ती दुरुस्त करता येते. म्हणजे मी कितीही पश्चात्ताप केला तरी कळ तिच्या हातात होती.

"सर, माझा प्रबंध त्या नकाशावर उभा आहे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"इतकी वर्षं मी पोरांना शिकवतेय की ठिकाण चुकलं तर सगळं चुकलं." तिने कठडा सोडला आणि विचारले, "मग खरं ठिकाण कोणतं?"

"गंगेच्या बाजूला, एवढंच तो म्हणाला होता."

"शेवटच्या दिवशी पशुसंवर्धनचे अधिकारी येणार आहेत. त्यांना हा नकाशा हवाय. ठिपके असलेल्या गावांच्या कळपांवर ते बंदी घालणार, यंदा फिरायचं नाही म्हणून. तुम्ही जाऊन त्या माणसाला शोधा. खरं ठिकाण आणा, मी दुरुस्ती पाठवते. नुसतं 'चुकलं' म्हणून कसं चालेल?"

तिचे म्हणणे बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाची जीप घेऊन मी आणि विद्याने सोबत दिलेली ऋतुजा उत्तरेला निघालो. भोकरदन ओलांडले, धावड्याला चहा घेतला. तिथून पुढे जमीन उंचसखल होत जाते, शेतांचे तुकडे लहान होतात आणि क्षितिजावर अजिंठ्याची रांग निळी दिसू लागते. हिवरखोरीला जायचा फाटा कुठला, हे धावड्याच्या हॉटेलवाल्याला विचारले तर तो टेबल पुसायचा थांबला.

"गोचीडवाडीला? काय काम काढलं?"

ऋतुजाने माझ्याकडे पाहिले. मी पाण्याचा पेला उचलला, पण प्यालो नाही.

गाव छोटे, नीटनेटके होते. पारावर एक म्हातारे गृहस्थ तुरीच्या काड्यांची टोपली विणत बसले होते. मी म्हाळबाची चौकशी केली. ते म्हणाले, "म्हाळबा कशाला सापडंल हितं? दिवाळी झाली की गेला. तुम्ही सरकारी का?"

"नाही. गोचिडावर काम करणारा."

"मंग या, बसा. बघून घ्या गोचिडाचं गाव." त्यांनी पाराची धूळ हाताने झटकली, पण आवाजात पाहुणचार नव्हता. "आमचं पोरगं पॉलिटेक्निकला गेल्तं, तिथं त्याला सारे गोचीडच म्हणायचे. त्यानं कालिजच सोडलं, घरी बसलं. पर मेंढरावाल्याचे हाल बघा. हिवरखोरीचा कळप म्हणलं की कुणी रानात बसवून घेत न्हाई."

कळप बसवणे म्हणजे काय, ते शहरी वाचकासाठी सांगायला हवे. मेंढपाळ रात्री आपला कळप एखाद्याच्या रिकाम्या शेतात थांबवतो. सकाळपर्यंत शेतात लेंडीखत पडते आणि मालक त्याबद्दल धान्य देतो. फिरत्या कुटुंबाचे वर्षाचे पोट त्यावर चालते. ते शेत मिळाले नाही तर रात्र रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या उजेडात.

मी त्या गृहस्थांना सांगितले की रोगाच्या नकाशावर त्यांच्या गावाचे नाव मी लावले. त्यांनी काडी वाकवता वाकवता थांबून मला नीट पाहिले. मला वाटले आता शिव्या येतील.

"तुम्ही व्हय?" ते म्हणाले. "आम्हाला वाटायचं कोन्ही जवान असंल." आणि पुन्हा विणू लागले. निघताना त्यांनी म्हाळबाच्या मुलाचा फोन नंबर ऋतुजाला तोंडपाठ सांगितला. माझ्याकडे पाहिले नाही.

म्हाळबाचा मुलगा फोनवर म्हणाला, कळप अंकुशनगरच्या बाजूला आहे, ऊस तुटलेल्या रानात. म्हणून तिसऱ्या दिवशी आम्ही दक्षिणेला गेलो. अंबडच्या पुढे रस्त्याचा नूरच बदलतो. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर, उसाच्या मोळ्या दोन्हीकडे बाहेर आलेल्या, हवेत मळीचा आंबूस-गोड वास. डांबरावर चिपाडे पसरलेली. एका ट्रॅक्टरमागे आम्ही इतका वेळ अडकलो की ऋतुजाने उतरून एक ऊस मागून आणला आणि दाताने सोलून अर्धा मला दिला. माझे दात पाहून तिने तो परत घेतला आणि म्हणाली, "सॉरी सर."

कळप सापडला तो आधी कुत्र्यामुळे. मी जीपमधून उतरून वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) ढिगाला वळसा घालतो तोच एका करड्या कुत्र्याने माझ्या पायजम्याचा घोळ पकडला. चावले नाही, नुसते धरून उभे राहिले, जणू पोलीस येईपर्यंत.

"हलू नका सायेब! हललं की फाडतं!" लांबून आवाज आला.

मी हललो. पायजमा फाटला.

म्हाळबाला मी ओळखले नसते. फेटा तोच लाल, पण माणूस आटलेला. त्याने मला ओळखले. त्याची बायको ठकूबाई तीन दगडांच्या चुलीपाशी बसली होती. तिने काही न बोलता सुई-दोरा काढून माझ्यापुढे ठेवला, मग मला सुईत दोरा ओवता येईना हे पाहून स्वतःच पायजमा शिवायला घेतला, मी तो घालून असतानाच. घोट्यापाशी वाकून ती शिवत होती, आणि तशाच अवस्थेत मी तिला आणि म्हाळबाला सांगितले की त्यांच्या गावाच्या बदनामीचे मूळ मी आहे, आणि ते मला पुढच्याच वर्षी कळले होते.

म्हाळबाने बाजूला आलेली एक मेंढी कळपात ढकलली.

"चहा पाजल्ता तुम्ही मला तवा," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं, सायेब किती चांगला माणूस."

ठकूबाईने दोरा दाताने तोडला. "चांगला हाय का वाईट हाय, ते मंग बघू," ती म्हणाली. "आता कामून आले ते सांगा."

ऋतुजाने तिला नकाशाचे सांगितले. अधिकारी येणार, ठिपका असलेल्या गावाच्या कळपांना फिरायची बंदी होणार. हिवरखोरीचा ठिपका आहे, आणि दुसरा बाभूळटाकळीचा.

ठकूबाई ताडकन उठली. "टाकळी? टाकळी कशी आली त्यात?"

म्हाळबाने फेटा सारखा करायला घेतला.

"सांग की आता! सांग मास्तरणीला! फेट्याला काय झालं?" ती नवऱ्यावर कडाडली, मग आमच्याकडे वळली. "हिवरखोरी म्हणलं की लोक हाकलू लागले. मंग ह्यानं काय करावं? कुणी गाव इचारलं की बाभूळटाकळी सांगू लागला. माझं माहेर! शेतवाल्याला टाकळी, गोचीड काढायला आले त्या डाक्टरला टाकळी. मी म्हणलं, आरं दुसरं कोन्हाचं तरी सांग, गावं काय कमी हायत? तर म्हणतो, खोटं बोलायचं तर आपल्या मानसाचं नाव घ्यावं."

"मंग काय परक्या गावाला बट्टा लावू?" म्हाळबा पुटपुटला.

"माझ्या बापाच्या गावाला लावला तो चालतो!"

ऋतुजाला हसू आवरेना. तिने ओढणी तोंडाला लावली. मग तिचे हसू एकदम थांबले. तिने माझ्याकडे पाहिले, आणि मलाही तेव्हाच उमगले. दोन ठिपके दोन गावांचे नव्हतेच. हाच कळप होता, दोन्ही वेळा. विषाणूने उडी मारली नव्हती. माझ्या एका चुकीच्या शब्दाने या माणसाला खोटे बोलायला लावले, आणि ते खोटे दुसऱ्या पथकाच्या कुपीवर खरे म्हणून उतरले. तिकडे महाविद्यालयात हुशार मुले त्या दोन चुकांमधून रोगाचा रस्ता आखत बसली होती.

"आता हा शेतवाला बी आम्हाला टाकळीचंच समजतो," ठकूबाई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "उद्या तुमच्या नकाशात टाकळी निघाली की परवा हितनं बी उठवंल. मंग तिसरं गाव कुठून आणू, डाक्टर? मला तर एकच माहेर हाय."

मी म्हाळबाला विचारले, त्या वेळी, मी भेटलो तेव्हा, कळप नेमका कुठे होता. मला ठिकाण हवे होते. विद्याला ठिकाण हवे होते.

"नदीच्या अलीकडं," म्हाळबा म्हणाला. "मोसंबीचा बाग होता."

"पलीकडं होतो," ठकूबाई म्हणाली. "आन मोसंबी न्हवती, लिंबं होती. मी तोडून सरबत केल्तं."

"ते दुसऱ्या साली."

"बिलकुल न्हाई. दुसऱ्या साली तू बिमार होता, तुला सरबत कोन देतंय?"

दोघे बराच वेळ भांडले. अलीकडे की पलीकडे, ते ठरले नाही. मध्येच सुनेने हुरडा भाजून आणला. गरम कोवळी ज्वारी, वर शेंगदाण्याची कोरडी चटणी. ठकूबाईने माझ्यासाठी दाणे तळहातावर चोळून फुंकर मारून साफ केले, जसे लहान मुलाला देतात. मी तिच्या चुलीपाशी तिचे नुकसान सांगायला आलेलो, आणि ती मला हुरडा भरवत होती. तो गोड लागला, हे लिहितानाही संकोच वाटतो.

परतताना जीपमध्ये ऋतुजाने वही उघडली. मग म्हणाली, "सर, अलीकडचं ठिकाण लिहा की पलीकडचं, चूकच होईल. गोचीड मेंढीला तिथंच चिकटला कशावरून? आठ दिवस आधी, चार मुक्काम मागे चिकटला असेल. या गोचिडाला गावच नाही लिहिता येणार. रस्ता लिहावा लागेल."

मी इतकी वर्षे हिवरखोरीच्या जागी लिहायला दुसरे एक गाव शोधत होतो. ते सापडले असते तर काय झाले असते, हे मला त्या जीपमध्ये कळले. तिथे दुसरी गोचीडवाडी झाली असती. ज्या रोगाच्या पूर्ण नावात काँगोबरोबर आणखी एका दूरच्या मुलखाचेही नाव अडकून पडले आहे, त्याच्यावर आयुष्य घालवूनही हे मला सुचले नव्हते. त्या मुलखांतल्या माणसांना कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

शेवटच्या दिवशी अधिकारी आले. नारळ, शाल, चहा झाला. ऋतुजाच्या गटाने नकाशा लावला. दोन्ही ठिपके नव्हते. डोंगरापासून नदीपर्यंत एक रुंद फिकट पट्टा होता, कळपांच्या वाटेचा, आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते: नेमके ठिकाण अज्ञात.

"हे काय?" अधिकारी म्हणाले. "मला आदेश काढायचाय. आदेशात गावाचं नाव लागतं. अज्ञातवर फवारणी कशी करू?"

मी उभा राहिलो. बोलायला लिहून आणले होते, ते बाजूला ठेवले. हिवरखोरी हे नाव मी चुकीने घातले, चूक कळल्यावर लपवली, आणि बाभूळटाकळी हे त्याच चुकीचे पोर आहे, एवढे चारचौघांत सांगितले. मग खाली बसलो.

"फवारणी गावावर नका करू सर," ऋतुजा अधिकाऱ्यांना म्हणाली. "या वाटेवर मुक्काम पडतात, तिथं गोचिडाचं औषध घेऊन जा. बंदी घातली तर हे लोक तिसरं गाव सांगतील. मग आपल्याला विषाणू कधीच सापडायचा नाही."

अधिकाऱ्यांनी होकार दिला नाही. वरिष्ठांशी बोलावे लागेल म्हणाले. पण दोन गावांची नावे त्यांनी डायरीत लिहिली होती, ती माझ्यासमोर खोडली, आणि यंदा बंदी घालणार नाही एवढे सांगून गेले.

त्याच दुपारी विद्याने दुरुस्ती पाठवली. मी तिच्या मागे उभा होतो. ठिकाणाच्या रकान्यात तिने लिहिले: महाराष्ट्र, जालना जिल्हा, फिरता कळप. मग थांबली. "प्रबंधाचं पत्र विद्यापीठाला मी पाठवीन," ती म्हणाली. "तुम्ही लेखाचं पाठवा. आणि सर, यापुढं मला उद्घाटनाला दुसऱ्या कोणाला तरी बोलवू द्या." ती हे रागाने म्हणाली नाही. मी हो म्हटले.

परतीच्या बसमध्ये मला हलके वाटेल अशी माझी समजूत होती. तसे झाले नाही. जागतिक संग्रहात नोंद दुरुस्त झाली तरी तिची जुनी आवृत्ती पुसली जात नाही. जो शोधेल त्याला ती दिसते. आधी मला हे खुपले. संभाजीनगर येईपर्यंत पटले की तसेच असायला हवे. नवी आवृत्ती हिवरखोरीसाठी आहे, जुनी माझ्यासाठी. पण धावड्याच्या हॉटेलवाल्याच्या तोंडी बसलेल्या शब्दाला कोणतीच आवृत्ती नसते. कॉलेज सोडलेल्या त्या मुलाचेही मी काही करू शकत नाही. म्हणून हे प्रवासवर्णन. माझे शास्त्रीय लेख हिवरखोरीत कोणी वाचत नाही, धावड्यातही नाही. हे कदाचित वाचतील. हिवरखोरीत तो विषाणू कधी सापडला नाही. बाभूळटाकळीतही नाही.

गेल्या आठवड्यात म्हाळबाचा फोन आला. नंबर ऋतुजाने दिला असावा. कळप पुढे सरकला होता, गंगेच्या जवळ, एका नव्या मालकाच्या रानापाशी. मालकाने नेहमीसारखे गाव विचारले. ठकूबाई शेजारी उभी होती, त्यामुळे टाकळी म्हणायची सोय नव्हती.

"मंग?" मी विचारले.

"मंग काय, खरंच सांगितलं. हिवरखोरी."

"काय म्हणाला तो?"

"म्हणला, हे कुठं आलं? त्यानं ऐकेलच न्हवतं. मंग मी सांगू लागलो. भोकरदन सोडायचं, धावडा सोडायचा, मंग डोंगराकडं तोंड करायचं, मंग डाव्या अंगाला वढा लागतो... सांगत राह्यलो, सांगत राह्यलो. तवर मेंढरं त्याच्या रानात जाऊन बसली."